सतरंजीवाले हवालदार

पहिल्यांदा ते आमच्या गेटातून आत आले तेव्हा मी त्यांना हाकलून दिलं होतं. आता यात माझी काही चूक नाही. खाकीवर काळं जर्किन, डोक्यावर हेल्मेट, आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटवर सुतळीनं आवळून बांधलेली लाल-निळ्या पट्ट्यांची भलीमोठी सतरंजी. असा माणूस दिसल्यावर कोण त्याला पोलीस म्हणेल? आमच्या सावेडी उपनगरात दर चार दिवसांनी कोणीतरी चादरी-सतरंज्या विकायला येतंच. मी शिलाई मशीनवरून न उठता खिडकीतून ओरडले, "नको हो आम्हाला! मागच्याच महिन्यात घेतल्यात!"

त्यांनी हेल्मेट काढलं. टकलावरचा घाम पुसला. म्हणाले, "लई बरं केलं ताई. मंग तुमची बी आना. माझी लहान पडनार हाय."

आमच्या सोसायटीत तेव्हा पार्किंगवरून महाभारत चालू होतं. आमचे सेक्रेटरी आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, दोघांनी एकमेकांविरुद्ध ठाण्यात अर्ज दिले होते. एकाची स्कूटर दुसऱ्याच्या कारला घासली, एवढंच कारण. पण भाषा अशी, की वाटावं सीमेवरचं भांडण आहे. त्याची चौकशी करायला हे आमचे बीट हवालदार आले होते. दोघं खाली आले ते आरडाओरडा करतच. हवालदारांनी तिकडे लक्षच दिलं नाही. शांतपणे सतरंजी सोडली, पार्किंगच्या मधोमध अंथरली, बूट काढून कडेला ठेवले आणि मांडी घालून बसले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. त्याची त्यांना काही लाज नव्हती.

"बसा," ते म्हणाले.

"अहो, आम्ही काय सांगतोय..."

"आधी बसा. पायतानं काढून बसा. उभ्या मानसाचं मला ऐकू येत न्हाई."

सेक्रेटरी मिनिटभर तसेच उभे राहिले. मग बसले. समोरचे बसले. बसल्यावर काय झालं कोणास ठाऊक, दोघांचेही आवाज निम्म्यावर आले. पोटं सुटलेली माणसं मांडी घालून बसली की तशीही धाप लागते, भांडायला दम उरत नाही. अर्ध्या तासात अर्ज मागे. वर सेक्रेटरींच्या घरून चहा आला. मी सगळं खिडकीतून बघत होते. एवढं हसू मला फार दिवसांनी आलं होतं.

त्यांचं खरं नाव आम्हाला माहीत होतं, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलंच असायचं. पण सगळी सावेडी त्यांना सतरंजीवाले हवालदारच म्हणायची. त्यांच्या ठाण्यातले लोक म्हणे त्यांची टिंगल करायचे. "लग्नाचं काम घेतलंय का?" असं विचारायचे. ते म्हणायचे, "व्हय, घेतलंय की. तुमचंच राह्यलंय."

ते मूळचे पाथर्डीकडचे. आईवडील ऊसतोडीला जाणारे. ही सतरंजीची खोड त्यांना आईकडून लागली होती. एकदा मोजा शिवून देताना (मीच म्हटलं, द्या इकडे, बघवत नाही) मी विचारलं तेव्हा सांगितलं. टोळीत भांडणं फार व्हायची, गाडीचा नंबर, पाण्याचा हंडा, कशावरूनही. हातात कोयते असलेली माणसं ती. कोणी अंगावर धावून गेलं की यांची आई दोघांच्या मधे वाकळ, म्हणजे गोधडी, टाकायची आणि स्वतः त्यावर बसायची. "वाकळीवर चपलंनं पाय द्यायचा न्हाई, ह्ये सगळ्यास्नी ठावं. मंग चप्पल काढावी लागायची. चप्पल काढस्तोवर मानूस थंड व्हतो, ताई. आमच्या पोलिसातल्या कुठल्याच ट्रेनिंगात ह्ये शिकवलं न्हाई."

साखर ते खात नसत. शुगर वगैरे काही नव्हती. खिशात गुळाचा खडा असायचा, चहाबरोबर तोच चघळायचे. "आमच्या घरानं साखर लई केली. आता खावीशी वाटत न्हाई," एवढंच म्हणायचे. मी पुढे त्यांच्यासाठी गुळाचा डबा वेगळा ठेवायला लागले.

ठाण्यातर्फे नागरिकांसाठी सभा व्हायच्या. मोठे साहेब यायचे. पडद्यावर चित्रं दाखवायचे. कुलूप कोणतं लावा, कॅमेरा कुठे बसवा, फोनवर कोणाला काय सांगू नका. चांगलंच सांगायचे, नाही असं नाही. पण आम्ही बायका खुर्च्यांवर बसून जांभया द्यायचो. साहेबांची गाडी गेली की आमचे हवालदार पुढे यायचे आणि सगळ्यांना खुर्च्यांवरून खाली उतरवायचे. मग त्यांचा एकच प्रश्न असायचा. समोरच्याकडे बोट करून विचारायचे, "तुमच्या भिंतीपलीकडं कोन राहतं?"

"कुलकर्णी." किंवा "कोणीतरी भाडेकरू आहेत."

"घरात मानसं किती? म्हातारं कोन हाय? सून कुठल्या गावची?"

ज्याला सांगता येईना त्याला दंड. दंड म्हणजे त्या आठवड्यात शेजारच्या घरी जाऊन चहा प्यायचा आणि पुढच्या सभेत उत्तरं द्यायची. तिसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ चिडून म्हणाले, "हवालदार, आमच्याकडे कॅमेरे आहेत. चार बाजूंनी."

"कॅमेरा बघतो सायेब. ओळखत न्हाई."

मला तेव्हा हे सगळं जरा अतीच वाटायचं. आमच्या वरच्या मजल्यावर मिशन हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या एक सिस्टर राहायच्या. एकट्या. पाच वर्षं मी त्यांना जिन्यात फक्त 'नमस्कार' म्हणत होते. दंड झाला म्हणून वर गेले. त्यांनी मला नाताळातला उरलेला केक दिला, जानेवारी संपत आला होता तरी, आणि दोन तास सोडलंच नाही. त्यानंतर आमचा जो सूर जमला तो आजतागायत. म्हणजे दंड भरून मी फायद्यातच राहिले.

आता अण्णांबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांच्याशिवाय हवालदारांची गोष्ट पुरी होत नाही.

अण्णा माझे वडील. कोल्हारच्या शाळेत सगळी हयात मास्तर. प्रवरेच्या काठची अर्धी गावं त्यांनी वाचायला शिकवली असतील. आई गेल्यावर मी त्यांना सावेडीला माझ्याकडे आणलं. मी लग्न केलेलं नाही, का नाही ते विचारणाऱ्यांना मी ब्लाउजचे दुप्पट पैसे लावते. आम्ही दोघंच. सगळं नीट चाललं होतं. मग अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण, मग आई गेल्याचं. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं आणि औषधं दिली. औषधांनी झोप तेवढी लागायची.

सकाळी साडेनऊ वाजले की अण्णा शर्ट घालायचे, खिशाला पेन लावायचे, छत्री घ्यायचे आणि निघायचे. कुठे? शाळेत. मनमाड रोडला जाऊन कोल्हारची गाडी पकडायची. मी मशीनवर असायचे, गिऱ्हाईक समोर असायचं, पाठ वळली की हे गायब. माझ्या नाकी नऊ आले होते. दाराला आतून कुलूप लावलं तर दारावर डोकं टेकवून उभे राहायचे. म्हणायचे, "पोरं उन्हात उभी असतील गं." ते बघून माझ्याच्यानं कुलूप लावणं झालं नाही.

एकदा हवालदारांनीच त्यांना रोडवरून घरी आणून सोडलं. मी रडकुंडीला आले होते. ते म्हणाले, "ताई, कोंडू नका. उद्या सकाळी मी येतो."

दुसऱ्या दिवशी आले. सतरंजीची मऊ घडी सीटवर घातली, तिच्यावर अण्णांना बसवलं, छत्रीसकट, आणि निघाले. मी मागे स्कूटरवर. प्रत्येक दुकानापुढे गाडी थांबवायची आणि हाळी द्यायची, "ह्ये आमचे गुरुजी! नीट बघून घ्या!" भाजीवाल्या मावशी, रिक्षा स्टँड, मेडिकल, पंक्चरवाला, रसवंती. "गुरुजी निघाले की आडवायचं न्हाई. वरडायचं न्हाई. 'शाळंला सुट्टी हाय गुरुजी' म्हनायचं, सावलीत बसवायचं, पानी द्यायचं, आनि ताईला फोन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भर चौकात मी त्यांना म्हणाले, "माझ्या बापाची जाहिरात करताय का? उद्या सगळी सावेडी म्हणेल, मास्तरांना वेड लागलं!"

"म्हनू द्या की," ते म्हणाले. "येडा म्हनत्याल, पर 'आपला' म्हनत्याल. ज्याला कोनीच काय म्हनत न्हाई त्याचं मला भ्या वाटतं, ताई."

आणि खरं सांगते, त्या दिवसापासून माझा जीव भांड्यात पडला. अण्णा रोज निघायचे. रिक्षावाले म्हणायचे, "गुरुजी, आज सुट्टी!" अण्णा विचारायचे, "कशाची?" रिक्षावाल्यांनी इतक्या सुट्ट्या शोधून काढल्या की सरकारला जमल्या नसत्या. रसवंतीच्या सावलीत अण्णा तासभर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांचे कान पकडून पाढे म्हणून घ्यायचे आणि मग कोणीतरी त्यांना घरी आणून सोडायचं. वर्षभर हे असं चाललं. आमच्या घरातलं ते शेवटचं सुखाचं वर्ष.

याच काळात हवालदारांनी मोबाईलवर एक ग्रुप काढला होता. 'जागते शेजारी'. वरून हुकूम आला होता म्हणे, प्रत्येक बीटचा ग्रुप हवा. सुरुवातीला त्यावर हरवलेली मांजरं आणि गेलेली लाईट एवढंच असायचं. मग मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा सुरू झाल्या. कुठला तरी फोटो, कुठला तरी आवाज, 'आपल्या भागात टोळी शिरली आहे, सावध राहा'. आमचे सेक्रेटरी तर दिवसाला पाच पाठवायचे. हवालदार प्रत्येकाखाली एका बोटानं टाईप करून लिहायचे, 'चौकशी केली. खोटं हाय. चहा प्या.'

त्या दिवशी मात्र ते लिहायला नव्हते. कलेक्टर कचेरीवर मोर्चा होता, तिकडे बंदोबस्ताला गेलेले.

सकाळची वेळ. मी एका लग्नाच्या ब्लाउजचं कापड कापत होते. शेजारी ठेवलेला मोबाईल टिंगटिंग वाजायला लागला. थांबेचना. कात्री ठेवून बघितलं, तर पडद्यावर अण्णा. शर्टाचा खिसा फाटलेला, डोळ्यांवर चष्मा नाही, दोन्ही दंड कोणीतरी धरलेले. खाली लिहिलं होतं, 'पकडला. मुलीला घेऊन चालला होता. सगळ्यांनी नव्या कॉलनीत या.'

कापड तिथेच टाकून मी दाराकडे धावले.

नंतर समजलं ते असं. त्या दिवशी अण्णा रोडकडे न जाता उलट्या दिशेला, मागच्या नव्या कॉलनीकडे वळले. तिकडे हवालदारांनी त्यांना फिरवलेलं नव्हतं. नवे बंगले, नवी माणसं, अण्णांना कोणी ओळखत नव्हतं. एका फाटकापाशी सात-आठ वर्षांची एक मुलगी दप्तर घेऊन शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी होती. अण्णांनी तिचा हात धरला. "चल बाळ, घंटा झाली." आणि ती पोर गुमान चालायला लागली. मास्तर कोण, ते मुलांना कळतं. आईनं गॅलरीतून बघितलं, किंचाळली, आणि अख्खी कॉलनी धावली.

मी धावत रस्त्यावर आले, रिक्षा केली. माझं ओरडणं ऐकून सिस्टरही गुडघे धरत खाली उतरल्या आणि आत बसल्या. वाटेत मी हवालदारांना फोन लावत होते. मोर्चाच्या घोषणांत त्यांना ऐकू कसा येणार? तरी लावत होते.

नव्या कॉलनीत पोचलो तेव्हा कोपऱ्यावर ही गर्दी. मधे अण्णा. गालावर बोटं उठलेली. आणि ते काय म्हणत होते माहितीय? "मुलांनो, गोंधळ करू नका. एका रांगेत उभे राहा." एका तरुण पोराच्या हातात स्टंप होता. मी लोकांना ढकलत आत घुसले. "सोडा! माझे वडील आहेत ते! आजारी आहेत!" कोणीतरी मागून म्हणालं, "ही पण त्यांच्यातलीच असेल. बाया असतातच टोळीत." माझा हात मागे ओढला गेला. भर दिवसा, माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, त्या गर्दीत मला ओळखणारं एक माणूस नव्हतं. मी किंचाळत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. फोन उचलता आला नाही तरी त्यांनी फोटो बघितला होता. बंदोबस्त सोडून, कोणाला न विचारता ते निघाले होते. त्याबद्दल पुढे साहेबांची भरपूर बोलणी खाल्ली.

मला वाटलं, आता शिट्टी मारतील, काठी काढतील. तसलं काही नाही. गाडी स्टँडला लावली आणि सतरंजीची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. शेवटी दातांनी ओढून सोडली. लोक बाजूला झाले ते पोलीस बघून. त्यांनी गर्दीच्या मधोमध, अण्णांच्या पायापाशी सतरंजी अंथरली. बूट काढले. अण्णांचे दंड धरलेल्या दोघांकडे न बघता अण्णांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बसा गुरुजी." अण्णा बसले. हे शेजारी बसले.

"बसा," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

कोणी बसलं नाही. स्टंपवाला पोरगा म्हणाला, "साहेब, आधी याला आत टाका. नाहीतर आम्ही बघतो."

"टाकतो की. कशापायी टाकू ते सांग. बसून सांग."

"बसायचं काय त्यात?"

"उभ्या मानसाचं मला ऐकू येत न्हाई."

गर्दी पुढे सरकली. मला वाटलं, संपलं. आता या माणसालाही तुडवतील. आणि तेव्हा माझ्यामागून सिस्टर पुढे झाल्या. सपाता काढल्या, माझ्या खांद्यावर हात टेकला आणि "देवा, येशू, उठताना कोणीतरी उचला रे मला," म्हणत सतरंजीवर बसल्या. गर्दीत एकजण फिसकन हसला. अण्णांनी मान वर केली, उभ्या माणसांकडे बघितलं, आणि त्यांचा वर्गातला आवाज लागला. मी लहानपणी ऐकलेला. "बाकीचे का उभे? बसा रे. उभ्यानं अभ्यास होत नाही."

ती मुलगी आईच्या कमरेला बिलगून उभी होती. ती सुटली, बूट काढले, आणि येऊन अण्णांसमोर मांडी घालून बसली. आई ओरडली, पण पोर बसली. अण्णा खूश झाले. "शाबास. सातचा येतो?"

"सात एके सात," ती म्हणाली. "सात दुणे चौदा."

सात सत्ते एकोणपन्नासला तिची आई रडायला लागली आणि मुलीशेजारी येऊन बसली. मग एक म्हातारे बसले. मग दोन बायका. स्टंप घेऊन मांडी घालता येत नाही, त्या पोरानं तो कडेला ठेवला, तो बसला. सतरंजी पुरेना, तेव्हा लोक रस्त्यावर बसले.

हवालदारांनी भाषण दिलं नाही. एकेकाला नाव विचारलं, घर कोणतं विचारलं, भिंतीपलीकडे कोण राहतं ते विचारलं. निम्म्या लोकांना सांगता आलं नाही. सगळ्यात शेवटी म्हणाले, "आनि ह्ये गुरुजी. कोल्हारच्या शाळंत होते. त्यांना वाटतं शाळा अजून चालू हाय. ह्या ताई त्यांची लेक. आता झाली ओळख."

स्टंपवाल्या पोरानं अण्णांचा चष्मा शोधून आणला. एक काच गेली होती. तो काहीतरी म्हणणार होता, मी त्याला म्हणू दिलं नाही. हवालदारांनी मला विचारलं, "ताई, गुन्हा दाखल करायचा? तुमचा हक्क हाय. तुमी म्हनाल तर आत्ता." मी नाही म्हणाले. मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही. अण्णांना ठाण्यात बसवून पुन्हा तेच विचारलं असतं, ते मला नको होतं. तो पोरगा अजूनही दिसला की मी रस्ता बदलते.

मात्र हवालदारांना मी सोडलं नाही. घरी आल्यावर जे बोलले ते बोलले. "तुमचाच ग्रुप! तुमच्याच ग्रुपवर माझ्या बापाचा फोटो! कशाला जागं केलंत यांना? झोपलेले बरे होते!"

ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "खरं हाय ताई. जागं केलं, पर वळख करून द्यायची त्या बाजूला राह्यली. माझंच चुकलं." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोलिसाच्या डोळ्यांत पाणी मी तोवर बघितलं नव्हतं. माझा राग तिथेच विरघळला. गुळाचा डबा पुढे केला.

दुसऱ्या दिवसापासून नव्या कॉलनीत अण्णांची वरात. घर अन् घर. ग्रुपवर नियम झाला, परक्या माणसाचा फोटो टाकायचा नाही. टाकायचाच तर स्वतःचा, आणि तोही शेजाऱ्याबरोबर. काही दिवस ग्रुपवर नुसते चहाचे कप दिसत होते. सेक्रेटरी आणि तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ एकाच बशीत चहा पितानाचा फोटो मी अजून जपून ठेवलाय.

हवालदार रिटायर होऊन गावाकडे गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले. नवीन पोरं येतात, चांगली आहेत, हुशार आहेत. गेटवर एक चौकोन चिकटवलाय, त्यावर मोबाईल धरला की ते येऊन गेल्याची नोंद होते. ते धरतात आणि जातात. त्यांना घाई असते. परवा एकाला मी विचारलं, "चहा घेणार का?" तो म्हणाला, "मॅडम, ड्यूटीवर आहे." मला हसावं की रडावं कळेना. कोणी बूट काढून बसतच नाही आता.

अण्णा तर त्यांच्याही आधी गेले. पण जाण्याआधीचा एक दिवस आहे, तो सांगितल्याशिवाय मला उठता येणार नाही.

अण्णांचं बाहेर जाणं तोवर थांबलं होतं. पायच चालेनात. एके दुपारी मी त्यांना ताट वाढलं. वरण-भात, मेथीची भाजी. त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. "आपण कोण?" असं विचारलं. आदरानं. मी म्हटलं, "अण्णा, मी." त्यांनी मान हलवली. मी पुन्हा सांगितलं. ते खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकले. त्यांना माझी भीती वाटत होती. माझी.

मी स्वयंपाकघरात निघून आले. ओट्याला धरून उभी राहिले. बाहेरून त्यांचा आवाज आला, हळू, कोणाला कळू नये असा. खुर्चीशेजारच्या फोनवर बोलत होते. फोनच्या वर भिंतीवर हवालदारांनी आपला नंबर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला होता, तो त्यांनी वाचून लावला होता. "पोलीस का? आमच्या घरात एक बाई शिरली आहे. नाही, वागायला सभ्य आहे. पण ओळखीची नाही."

हवालदार आले. मला वाटलं होतं, फोनवरच समजावतील, हसण्यावारी नेतील. ते पूर्ण वर्दीत आले, टोपी घालून. बेल वाजवली. मी दार उघडलं तर माझ्याकडे बघून ओळख दाखवली नाही. हॉलमध्ये सोफा असताना सतरंजी अंथरली. अण्णांना हात धरून बसवलं. मला म्हणाले, "बाई, इकडं या. बसा."

मी बसले.

"नाव?"

मी सांगितलं.

"वडील काय करतात?"

"शिक्षक आहेत. कोल्हारला."

अण्णांनी मान वर केली. "कोल्हारला? बरं."

"त्यांनी तुमास्नी काय शिकवलं?"

"सगळंच," मी म्हणाले.

हवालदार अण्णांकडे वळले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "गुरुजी, चौकशी पुरी झाली. बाई चांगल्या घरच्या हायेत. बापानं लई जीव लावून वाढवलेल्या हायेत. ठिवायच्या का घालवायच्या, ते तुमी सांगा. घर तुमचं हाय."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी त्या घरात राहायचं की नाही हे खरंच ते ठरवत होते, आणि मी खरंच वाट बघत होते.

"राहू दे," ते म्हणाले. मग हवालदारांच्या कानाशी झुकले, पण मला ऐकू आलं. "तिला विचारा, जेवली का. तोंड सुकलंय तिचं."

हवालदारांनी मला विचारलं, "बाई, गुरुजी विचारत्यात, जेवला का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. अण्णांनी टेबलावरून आपलं ताट मागून घेतलं आणि सतरंजीवरून माझ्यापुढे सरकवलं.